सरकारी बदक

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आमच्या घरात रोज संध्याकाळी जो अंधार होत होता, त्याला माझं यंत्र जबाबदार नव्हतं. हे मी तेव्हाही सांगत होतो. बायकोला सांगितलं, वायरमनला सांगितलं, वीज कार्यालयातल्या एका माणसाला तर खिडकीच्या जाळीतून ओरडून सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. आता खरं काय ते सगळ्यांना कळलंय, पण झाल्या अपमानाबद्दल चार शब्द बोलायला एकही पुढे येत नाही. उलट हसतात.

यंत्र म्हणजे लाकूड कोरायचं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, यंत्राच्या टेबलावर फळी आवळायची आणि बटण दाबायचं. मग स्पिंडल नावाची एक लंबुळकी मोटर असते, तिच्या तोंडात पेन्सिलीएवढं पातं असतं, ते गरगर फिरत फळीवर उतरतं आणि चित्र जसंच्या तसं कोरून काढतं. आपण नुसतं उभं राहायचं. मी विमा कंपनीत नोकरी करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या अपघातांवर शेरे मारतो, त्यामुळे उभं राहून काही चांगलं घडताना बघायची मला फार हौस होती.

यंत्र घ्यायला निमित्त पाळण्याचं. मुलीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा व्याही, म्हणजे जावयाचे वडील, आमच्याकडे आले होते. बोलता बोलता मी म्हणालो, पाळणा मी स्वतः करणार. व्याही हसले. "कशाला त्रास घेता? हल्ली तयार मिळतात, विजेवर आपोआप हलणारे. मी आणतोच एक." त्यांच्या आवाजात इतकी दया होती की माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तो तुमच्या घरी ठेवा. दवाखान्यातून मुलगी आधी इथे येणार आहे, आणि या घरात माझं नातवंड मी केलेल्या पाळण्यातच झोपेल." बोलून बसलो. नंतर माघार घेणं शक्य नव्हतं, कारण हे सगळं बायकोसमोर बोललो होतो.

दुकानदाराने विचारलं, "स्पिंडल लहान देऊ की मोठा?" आता असा प्रश्न विचारल्यावर 'लहान' म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही. आम्ही शाळेत असताना बूटसुद्धा वाढत्या मापाचे घालायचो, पुढे कापूस कोंबून. त्याच न्यायाने मोठा स्पिंडल घेतला. त्याच्या पाठीवर तो किती वीज खातो ते लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण पाठीवर लिहिलेलं सगळंच खरं असतं असं थोडंच आहे? धुलाईच्या साबणावरही काय काय लिहिलेलं असतं.

पहिल्या संध्याकाळी सगळं घर मागच्या खोलीत जमलं. ही खोली मुलीची. तिच्या अभ्यासाचं टेबल काढून तिथे यंत्र बसवलं होतं. पाळण्याच्या चारी बाजूंवर बदकांची रांग कोरायची असं ठरलं होतं. वाघ-सिंह काढले तर मूल दचकेल, आणि फुलं काढायला मी काही पडद्याचं कापड विणत नव्हतो. कानात बोळे घातले, डोळ्यांवर चष्मा चढवला, बटण दाबलं. स्पिंडलने सूर धरला. पातं फळीत उतरलं, भुसा उडाला, बदकाची पाठ उमटली, आणि खट् असा आवाज होऊन घर काळंकुट्ट झालं.

अंधारात बायकोचा आवाज आला, "झालं?"

या एका शब्दात ती काय काय घालू शकते, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

पॅसेजमध्ये मेन स्विचचा खटका पडला होता. तो वर केला, दिवे आले. पण या यंत्राला स्मरणशक्ती नाही. वीज गेली की आपण कुठे होतो हे ते साफ विसरतं. पुन्हा सुरू केल्यावर त्याने भलत्याच ठिकाणी सुरुवात केली आणि बदकाच्या पाठीतून एक मान वर काढली. मग रीतसर जागेवर दुसरी काढली. त्या बदकाच्या दोन माना एकमेकींकडे पाठ फिरवून बघत होत्या. "जुळं आहे का?" माझ्या आईने विचारलं.

त्या दिवशीचा गुन्हेगार लगेच सापडला. न्हाणीघरात गीझर चालू होता. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांना सगळी इमारत अध्यक्ष म्हणते (कशाचे अध्यक्ष हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही), खटक्याचा आवाज ऐकून खाली आले होते. ते म्हणाले, "अहो, घराला वीज मोजून मिळते. दार एवढंसं, आणि तुम्ही त्यातून एकाच वेळी अख्खं बिऱ्हाड घुसवताय. गीझर तरी चालवा, नाहीतर बदकं तरी."

हे मला पटलं. अध्यक्षांचं काही पटावं असा तो पहिला प्रसंग. मी हुकूम काढला: संध्याकाळी मी कचेरीतून आल्यावर गीझर, इस्त्री, मिक्सर, कपडे धुण्याचं मशीन, सगळं बंद.

"आणि फ्रीज?" बायकोने विचारलं.

"फ्रीज चालेल."

"उपकार झाले."

यंत्र लावायच्या आधी मी घरभर गस्त घालायचो. एकेक बटण बघायचो, एकेक प्लग हाताने चाचपायचो. एकदा यंत्र लावलं की मात्र जागचं हलता येत नाही. पातं अडकलं, फळी सरकली, तर लगेच बंद करायला हवं, म्हणून लाल बटणावर हात ठेवून शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. अशा अवस्थेत बायको दारात येऊन बोलायची, कारण उत्तर द्यायला मी जाऊ शकत नाही हे तिला माहीत होतं.

मला खरी भीती होती आईची. तिचे गुडघे संध्याकाळी ठणकतात. गीझरचं गरम पाणी बादलीत घेऊन त्यात पाय सोडून बसायची तिची किती तरी वर्षांची सवय. गीझर बंद म्हटल्यावर आता रडारड होणार, बहिणींना फोन जाणार, अशी मी मनाची तयारी केली होती. पण आई शांतपणे म्हणाली, "बरं बाबा. तुझं काम होऊ दे. माझ्या गुडघ्यांचं काय, ते दुखायचेच."

एवढंच नाही. मी कचेरीतून आलो, बूट काढले की आतून तिची हाक यायची, "आज कधी लावणार रे मशीन?" एखाद्या दिवशी कंटाळा केला तर तिचा चेहरा पडायचा. "आज नाही लावणार? का रे? लाव की थोडा वेळ." मला अगदी भरून यायचं. सगळं घर माझ्या विरोधात उभं होतं आणि एकटी आई माझ्या पाठीशी होती. आईचं मन ते आईचंच, असं मी बायकोला दोनदा ऐकवलंसुद्धा. तिने काहीच उत्तर दिलं नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

आता संताप यावा असा भाग असा, की गीझर बंद, इस्त्री बंद, सगळं बंद असूनही खटका पडायचा. रोज नाही. कधी बदक पुरं व्हायचं, कधी चोच राहायची, कधी अर्ध्या पंखावर घर अंधारात. एकदा आठवडाभर नीट चाललं, आई तेव्हा माझ्या बहिणीकडे राहायला गेली होती. मी खुशीत येऊन जाळीदार कडा वगैरे काढायला घेतल्या. आई परत आली त्या संध्याकाळी पुन्हा खट्.

अंधार झाला की मी टॉर्च घेऊन तडक पॅसेजमध्ये आणि तिथून घरभर. कुणी काही लावलंय का बघायचो. बायको हाताची घडी घालून ओट्याजवळ उभी. आई तिच्या खोलीत पलंगावर, पाय बादलीत, बादलीवर मोठा टॉवेल जमिनीपर्यंत सोडलेला.

"आई, हे काय?"

"काही नाही रे. गार पाण्यातच सोडलेत पाय. तेवढंच बरं वाटतं."

माझ्या पाळण्यासाठी ती बिचारी गार पाण्यात पाय घालून बसते! मी टॉर्च खाली केला आणि बाहेर आलो. खरं सांगतो, माझे डोळे ओले झाले होते. त्या बादलीत बोट घालून बघायचं मला सुचलं नाही.

मग वायरमन आणला. त्याने सगळी बटणं काढून बघितली, भिंतीला कान लावला, आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, मशीनला वेगळी लाइन पाहिजे." मेन स्विचपासून मागच्या खोलीपर्यंत त्याने एक जाडजूड काळी वायर टाकली. ती हॉलमधून, स्वयंपाकघराच्या दारावरून, डोक्याएवढ्या उंचीवर लोंबत गेली. दुसऱ्याच दिवशी बायकोने तिच्यावर हात पुसायची फडकी वाळत घातली. मी ओरडलो की त्यात वीज आहे. ती म्हणाली, "असती तर दिवे गेले असते का?" आणि त्या संध्याकाळी, नवी लाइन, ओली फडकी आणि वायरमन स्वतः हजर असताना, खटका पडला. वायरमनने बराच वेळ डोकं खाजवलं.

"साहेब, मशीन चांगलं आहे. वायरिंग चांगलं आहे. दोष घरात आहे."

"घरात म्हणजे कुठे?"

"घरात," असं म्हणून तो हत्यारांची पिशवी उचलून गेला.

आता एकच मार्ग उरला. घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी घराला मिळणारी वीज, वाढवून घ्यायचा. अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेलो. जाळीमागे एक गृहस्थ कपबशी धूत होते.

"भार कशासाठी वाढवायचा?"

"घरी एक यंत्र आहे."

"यंत्र म्हणजे उद्योग. तिकडे चौथी खिडकी."

"उद्योग नाही हो. पाळणा करतोय."

"पाळणे विकता?"

"नाही! नातवंडासाठी एकच."

"आजचा एकच असतो," ते कप पुसत म्हणाले. "मग शेजारचे मागतात. बरं, नातवंड किती मोठं आहे?"

"अजून व्हायचंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "अजून जन्माला न आलेल्या माणसाच्या वापरासाठी मी भार कसा वाढवू? झाल्यावर या."

"झाल्यावर पाळणा करून काय उपयोग?" मी जाळीला तोंड लावून ओरडलो. "आणि यंत्राचा काही दोष नाही! घर अंधारात जातं त्याला यंत्र जबाबदार नाही!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की वीज वाढवण्यापेक्षा पाळणा विकत घ्या. दुसरा म्हणाला, आम्ही झोळीत वाढलो, काही बिघडलं नाही. सगळी रांग आपापल्या बालपणाबद्दल बोलायला लागली. मला बाजूला न्यायला आलेल्या शिपायानेही जाता जाता त्याच्या पाळण्याची हकिगत सांगितली. एवढ्या गोंधळाचा उपयोग मात्र झाला. तपासनीस घरी पाठवतो, असं जाळीमागून कबूल करण्यात आलं.

तपासनीस आले ती संध्याकाळ मी विसरणार नाही. साहेब येणार म्हणून आई केस विंचरून खास मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसली होती. अध्यक्ष साक्षीदार म्हणून आले होते. बायको चहा घेऊन उभी. मी म्हणालो, "बघा हं साहेब, आता अर्धं बदक होईल आणि अंधार पडेल." बटण दाबलं. पाठ झाली. पंख झाला. मान झाली, चोच झाली, डोळासुद्धा झाला. दिवा मिणमिणला नाही. मला घाम फुटला. मी बायकोला म्हणालो, "इस्त्री लाव." तिने लावली. काही नाही. "मिक्सर लाव!" मिक्सर रिकामाच घरघरत राहिला आणि यंत्राने शांतपणे पाण्याच्या दोन लाटाही काढल्या. आपल्याच घरातली वीज जावी म्हणून धडपडणारा माणूस त्या तपासनिसांनी प्रथमच पाहिला असावा. त्यांनी चहा संपवला, बदकावरून हात फिरवला. "छान झालंय. भार पुरेसा आहे," म्हणाले आणि गेले.

ते बदक आमच्या पाळण्यावरचं एकमेव निर्दोष बदक आहे. घरात त्याला सरकारी बदक म्हणतात. "रोज त्यांनाच बोलवा चहाला," बायको म्हणाली.

आणि नातवंडाने माझ्यासाठी थांबायचं नाकारलं. नात झाली, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी. पाळण्याच्या तीन बाजू तयार होत्या. चौथ्या बाजूला मी जुन्या कपाटाचं फळकूट ठोकलं. तीन बाजूंवरच्या बदकांत एकाला चोच नव्हती, एकाचा पंख मानेवर होता, ते दोन मानांचं तर होतंच. यंत्र भिंतीला सरकवून त्यावर चादर घातली. पाळणा खोलीच्या कोपऱ्यात टांगला, फळकुटाची बाजू भिंतीकडे करून. तो बघून मला स्वतःचीच कीव आली.

मुलगी दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी तिच्या मागोमाग व्याही आले, आणि त्यांच्या मागोमाग एक मोठं खोकं.

"म्हटलं, असू द्यावा जवळ," ते म्हणाले. "तुमच्या विजेच्या भानगडी कळल्या मला."

अध्यक्षांशिवाय हे त्यांना कुणी सांगणार नव्हतं. व्याह्यांनी खोकं उघडलं, पांढराशुभ्र पाळणा जोडला, माझ्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. ती वळवलेली नजर मला जास्त लागली. मुलीने बाळाला त्यात ठेवलं. आत मुलीच्या अंघोळीसाठी गीझर लावलेला होता, बाळाचे कपडे मशीनमध्ये फिरत होते. व्याह्यांनी बटण दाबलं. पाळणा गर्र गर्र असा बारीक आवाज करत हलायला लागला. "काही करावं लागत नाही बघा. आपण नुसतं उभं राहायचं," ते मला म्हणाले. माझंच वाक्य मला ऐकवलं! मी दात आवळून उभा होतो.

तेवढ्यात खट्.

घर काळंकुट्ट. पांढरा पाळणा तिरका होऊन थांबला. बाळाने असं काही तोंड उघडलं की वरच्या मजल्यावर अध्यक्षांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि अंधारात सगळे, सगळेच्या सगळे, माझ्याकडे वळले. दिसत नसलं तरी कळतं ते.

"मी काही केलेलं नाही!" मी ओरडलो. "माझं यंत्र चादरीखाली आहे! हात लावून बघा! माझं यंत्र चादरीखाली आहे!"

"अहो बाबा, ओरडू नका," मुलगी म्हणाली. "मग कशाने गेली?"

कशाने गेली, हाच तर माझा सवाल होता. टॉर्च उचलला आणि धावलो. स्वयंपाकघर, कुणी नाही. न्हाणीघर, गीझर निमूट. आईच्या खोलीचं दार लोटलं. आई पलंगावर बसली होती, पुढे बादली, आणि तिच्या हातात पाणी तापवायचा रॉड. लोखंडी, वेटोळ्यांचा, ठिबकणारा. बादलीतून वाफ निघत होती.

"आई!"

ती दचकली. "एवढ्या लगेच कसा आलास? मशीन चालू होतं ना?"

"मशीन बंद आहे. तो व्याह्यांचा पाळणा होता."

"मग गर्र आवाज कसा आला?" तिने रॉड पदराआड लपवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "मला वाटलं तू मशीन लावलंस."

"म्हणजे मी मशीन लावलं की तू रॉड लावतेस?"

"मग केव्हा लावू? एरवी तू घरभर बटणं तपासत फिरतोस. मशीन लागलं की मग हलत नाहीस जागचा."

"रोज?"

"रोज कुठे रे. तू लावशील तेव्हाच."

मागून बायकोचा आवाज आला, "मी तो दिवसा वापरायला आणून दिला होता हो." म्हणजे बायकोही कटात होतीच.

मला भयंकर राग आला. वायरमन, जाळी, रांग, तपासनीस, ती काळी वायर, फडकी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. घरात जी एकच व्यक्ती माझ्या पाठीशी होती, तीच माझी वीज पीत होती! बोलायला तोंड उघडलं. टॉर्चचा उजेड तिच्या गुडघ्यांवर पडला होता. सुजलेले होते. आणि मग मला लाज वाटली. माझ्या घरात माझ्या आईला चोरून पाणी तापवावं लागत होतं, माझ्या पावलांचा कानोसा घेऊन. मी खाली बसलो आणि तिचे पाय उचलून बादलीत ठेवले. पाणी छान कढत होतं.

"रागावलास?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"हो," आई म्हणाली.

हे मात्र खरं होतं.

एवढ्यात लक्षात आलं की रडणं थांबलंय. मागच्या खोलीत गेलो. व्याह्यांनी बाळाला माझ्या पाळण्यात ठेवलं होतं आणि ते जमिनीवर मांडी घालून दोरी ओढत होते. मी टॉर्च धरला. नात डोळे विस्फारून फळीकडे तोंड करून पडली होती.

"कशाकडे बघतेय?" मी विचारलं.

"ते दोन मानांचं आहे ना," व्याही हळूच म्हणाले, "त्याच्याकडे." मग दोरी न थांबवता त्यांनी विचारलं, "खटका वर करायचा नाही का?"

"जरा झोपू दे तिला," मी म्हणालो. पांढरा पाळणा तिरकाच राहिला. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी तो स्वतःच खोक्यात भरला.

त्यानंतर मी हुकूम मागे घेतला. हल्ली मी संध्याकाळी मुलीच्या खोलीतून हलवून बाल्कनीत आणलेल्या यंत्रावर चौथी बाजू कोरतो. गस्त बंद आहे. कालची गोष्ट. सरकारी बदकाच्या तोडीचं एक बदक होत आलं होतं, पाठ, पंख, मान, सगळं सुबक, आणि आतून हाक आली, "लावू का रे?"

"चोच राहिलीय, आई. होऊ दे."

थोडा वेळ गेला. "फार ठणकतायत रे."

आता एवढं मोठं यंत्र घ्यावं, विजेच्या कचेरीत जाऊन स्वतःची शोभा करून घ्यावी, आणि शेवटी माणसाने आपल्याच बाल्कनीत गुडघ्यांच्या परवानगीने बदक कोरावं, हा कुठला न्याय? मी मनातल्या मनात खूप चिडलो. मग स्पिंडल थांबवला.

"लाव!" मी ओरडलो, आणि पाणी तापेपर्यंत बिनचोचीच्या बदकाशेजारी उभा राहिलो.